पिकअप आदळते की उसळते, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलोय ते कळेल. चार दारांची पिकअप, जुन्या मालकाकडून घेतलेली, लाखभर किलोमीटर चाललेली. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई, मागे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. आधीच्या मालकाने पुढून गाडी थोडी उचलून घेतलीय आणि मोठे, जाड भिंतीचे टायर टाकलेत. हौदा बहुतेक वेळ रिकामा. खड्ड्यात चाक गेलं की दणका थेट कमरेत बसतो आणि सिमेंटच्या रस्त्यावर ताशी ७०-८० ला मागचा भाग नाचायला लागतो. तुम्ही मागचे दोन्ही शॉकअप काढून ‘हेवी ड्यूटी’ बसवले, तर त्रास वाढलाच. आता पाटे मऊ करू की एअर बॅग (पाट्यांच्या जोडीला लावायची हवेची स्प्रिंग) लावू, असं विचारताय.

दोन्ही नको, निदान आत्ता तरी. अजून काहीही विकत घेऊ नका. तुमच्या एका तक्रारीत दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि एकीचं औषध दुसरीला बाधतं. शॉकअप बदलल्यावर नेमकं तेच झालंय.

मी गॅरेजमध्ये आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतो तो हा: गाडी आदळते, उसळते, डुलते की थरथरते? बहुतेक जण म्हणतात, ‘सगळंच करते.’ मग मी त्यांच्या शेजारी बसून एक चक्कर मारतो. आदळणं म्हणजे खड्ड्याचा एकच कोरडा दणका, जणू मध्ये स्प्रिंग नाहीच. उसळणं म्हणजे दणक्यानंतर मागचा भाग वर फेकला जाणं, रस्त्याच्या पाठोपाठच्या सांध्यांवर ठेका धरून नाचणं. डुलणं म्हणजे उंचवटा मागे पडला तरी गाडी नावेसारखी दोन-तीनदा वरखाली होत राहणं. थरथर या तिघांपेक्षा निराळी, ती गुळगुळीत रस्त्यावरही ठरावीक वेगाला येते. डुलणाऱ्या गाडीला ताठ शॉकअप लावले तर फरक पडतो. आदळणाऱ्या गाडीला लावले तर ती जास्त आदळते. तुमच्या वर्णनात डुलण्याचा उल्लेखच नाही.

आता रिकामी पिकअप मुळात अशी का वागते, ते थोडं समजून घ्या. स्प्रिंग उभ्या गाडीच्या वजनाखाली किती दबलीय, यावरून ती सेकंदाला किती वेळा वरखाली होईल याचा अंदाज येतो. पाचला दबलेल्या सेंटिमीटरच्या वर्गमुळाने भागायचं. २५ सेंटिमीटर दबली असेल तर सेकंदाला एक झोका, हे ऐसपैस गाडीचं लक्षण. सहा-सात सेंटिमीटर दबली असेल तर सेकंदाला दोन. पिकअपचे मागचे पाटे सहाशे-आठशे किलो किंवा त्याहून जास्त माल धरायला बनवलेले असतात, म्हणून रिकाम्या हौद्याखाली ते जेमतेम दबतात. माल भरून मागच्या स्प्रिंगवरचं वजन दुप्पट झालं की झोक्याचा वेग दोनाच्या वर्गमुळाने उतरतो, म्हणजे दोनाचा साधारण १.४ होतो. भरलेली पिकअप शहाण्यासारखी चालते असं ड्रायव्हर म्हणतात, त्यामागे एवढंच गणित आहे.

दुसरी गोष्ट माणसाच्या शरीराची. बसलेल्या माणसाला उभे हादरे सर्वात जास्त झोंबतात ते सेकंदाला चार ते आठ या टप्प्यातले. सिमेंटच्या रस्त्याचे सांधे बऱ्याचदा साडेचार-पाच मीटरवर असतात. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. भागाकार केलात तर सेकंदाला साडेचार-पाच ठोके येतात, म्हणजे बरोब्बर त्या टप्प्यात. त्यात पिकअपची लांब चासीसुद्धा थोडी लवते आणि तिची स्वतःची लय यापासून फार दूर नसते. त्यामुळे तुमच्या त्रासातला काही भाग रस्ता आणि गाडीची जात यांचा आहे, तो कोणताही मेकॅनिक शून्यावर आणू शकत नाही. त्याच रस्त्यावर ताशी ६० ला आणि मोकळं असेल तिथे वेगमर्यादेत ताशी ९० ला चालवून बघा. दोन्हीकडे नाच कमी झाला तर हा भाग मोठा आहे. सगळ्या वेगांना सारखाच राहिला तर गाडीत काहीतरी बिघडलंय आणि ते सापडतं.

मी तपासणी टायरपासून सुरू करतो. लोकांना हे ऐकून निराशा होते, कारण त्यांना पाट्यांबद्दल ऐकायचं असतं. पण मोठ्या, जाड भिंतीच्या टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा, हे आदळण्याचं मला सर्वाधिक वेळा सापडलेलं कारण आहे. टायरच्या भिंतीवर ५०, ६५ किंवा ८० पीएसआय असा आकडा छापलेला असतो. टायर जास्तीत जास्त वजन उचलेल तेव्हाची हवा तो सांगतो. रिकाम्या गाडीत तितकी भरणं म्हणजे चाकाऐवजी लाकडी ओंडका लावणं. पण हवा भरणारा तोच वाचतो आणि तेवढी भरून मोकळा होतो.

वाचायचा तो दाराच्या चौकटीवरचा तक्ता. पुष्कळ पिकअपवर तिथे रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. इथे एक मेख आहे, कारण तुमचे टायर मूळचे नाहीत. कारच्या जातीचा टायर काढून हलक्या ट्रकच्या जातीचा टाकला असेल, तर तेच वजन उचलायला त्याला मूळ टायरपेक्षा जास्त हवा लागते. म्हणून तक्त्यावरचा आकडा तुमच्यासाठी तळ समजा. त्याच्या खाली जाऊ नका, आणि नेमका आकडा टायर बनवणाऱ्याच्या वजन-हवा तक्त्यावरून घ्या. वजनकाट्यावर पुढची चाकं वेगळी आणि मागची वेगळी तोलून घेतलीत तर अंदाजाला जागाच उरत नाही. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की साधारण एक पीएसआयचा फरक पडतो आणि चालून तापलेल्या टायरमध्ये तो बराच जास्त दिसतो.

मोजायचं यंत्रही तपासा. माझ्याकडे एक गृहस्थ चार महिने ‘पस्तीस’ हवा ठेवून हैराण झाले होते. त्यांचा मीटर माझ्या मीटरशेजारी लावला, तर माझा एक्कावन्न दाखवत होता. मला वाटलं माझाच बिघडला, म्हणून तिसरा आणला. तो म्हणाला पन्नास. त्यांच्या मीटरची काचच आतून धुरकट झाली होती, काटा अडकत होता. त्या दिवशी मी गाडीखाली वाकलोही नाही.

हवा बरोबर आहे का याची एक सोपी पडताळणी आहे. टायरच्या नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची आडवी पट्टी ओढा आणि सरळ रस्त्यावर शे-दीडशे मीटर जा. पट्टी मधूनच पुसली गेली तर हवा जास्त, दोन्ही कडांनीच पुसली तर कमी. सारखी पुसली तर ठीक. टायरजवळ वाकलाच आहात तर नक्षीवरून तळहात फिरवा. जागोजागी वाट्यांसारखे खळगे लागत असतील तर शॉकअप बरेच दिवस कामातून गेलेत. कुठे फुगवटा लागला तर गाडी तिथेच थांबवा, आतली तारेची गुंडाळी सुटायला लागलीय आणि तो टायर वाहतुकीत फुटतो.

थरथरीबद्दल थोडक्यात. तुमच्या मापाचा टायर एका फेरीत साधारण सव्वादोन-अडीच मीटर जातो, म्हणजे ताशी ८० ला सेकंदाला नऊ-दहा फेरे. रस्ता गुळगुळीत असूनही त्या वेगाला गाडी कापत असेल तर चाकाचं बॅलन्सिंग, वाकडी रिम किंवा गोलाई गेलेला टायर बघायचा. पाट्यांचा तिथे संबंध नाही. रात्रभर उभ्या गाडीचा टायर सकाळी पहिले काही किलोमीटर खडबडतो आणि मग सुरळीत होतो, ते चालायचंच.

आता पुढचा भाग, आणि माझा खरा संशय इथे आहे. टॉर्शन बारचा बोल्ट पिळून गाडी पुढून उचलली की लोकांना वाटतं बार ताठ झाला. बार तेवढाच ताठ असतो. बदलते ती चाकाची मोकळी चाल. चाकाला वर जायला जागा लागते तशी खाली उतरायलाही लागते. खड्डा म्हणजे चाक खाली जाणं. गाडी उचलल्यामुळे चाक धरणारा हात (कंट्रोल आर्म) आधीच खालच्या रबराला जाऊन टेकलेला असेल, तर खड्ड्यात चाक खाली जाऊच शकत नाही. मग चाक आणि गाडी दोन्ही मिळून खड्ड्यात पडतात. तुम्हाला जो कोरडा दणका बसतो तो बऱ्याचदा हाच असतो, आणि यावर जगातला कोणताही शॉकअप चालत नाही.

याची चाचणी अर्ध्या तासाची आहे. गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. आता जॅक चाकाच्या हाताला नाही, चासीला लावा आणि सावकाश उचला. चाक जमीन सोडायला लागेल त्या क्षणी थांबा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे चाकाची खाली उतरण्याची चाल. सात-आठ सेंटिमीटर आली तर मी समाधानी असतो. दोन-तीनच आली तर चोर सापडला. बोल्ट सैल करून गाडी मूळच्या उंचीवर आणा. दोन्ही बाजू सारख्या करा, गाडी थोडी पुढेमागे चालवून पुन्हा मोजा आणि नंतर अलाइनमेंट करून घ्या, कारण उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. जॅकवरच्या गाडीखाली कधी जाऊ नका, घोडी, म्हणजे गाडी पेलणारा लोखंडी स्टँड, लावल्याशिवाय हात घालायचा नाही.

वरच्या बाजूला, म्हणजे चाक वर जातं तेव्हा, एक रबरी ठोकळा असतो, बंप स्टॉप. तो किती वेळा आपटतो हे बघायला मी त्याच्यावर मुलांच्या खेळण्यातल्या रंगीत मातीचा सुपारीएवढा गोळा चिकटवतो आणि नेहमीच्या रस्त्यावर एक चक्कर मारून येतो. गोळा तसाच असेल तर बरं. त्याची पापडी झाली असेल तर स्प्रिंग थकलीय किंवा वजन जास्त आहे. मागेही हेच करा. रबर मुळात झिजून गळून पडलेलं असतं, लोखंड लोखंडावर चमकत असतं आणि मालक पाटे बदलायच्या गोष्टी करत असतो, असं तीन-चारदा पाहिलंय.

आता मागचे पाटे. यात तीन ठिकाणं बघायची.

पहिलं, शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणारा झुलता लोखंडी दुवा. पाटा दबला की सरळ होतो आणि सरळ होताना लांबतो. ती वाढलेली लांबी सामावून घ्यायला मागच्या टोकाला शॅकल झुलतो. तो झुललाच नाही तर पाट्याची दोन्ही टोकं बांधल्यासारखी होतात आणि पाटा स्प्रिंग राहत नाही, तुळई होते. रिकाम्या गाडीत शॅकल कसा उभा आहे ते बघा. गाडी भरल्यावर त्याला मागे झुलायला मोकळी जागा पाहिजे. आधीच्या मालकाने मागेही काही केलं असेल, म्हणजे लांब शॅकल लावला असेल किंवा एखादा पाटा वाढवला असेल, तर तो कोन बिघडलेला असू शकतो.

दुसरं, बुश, म्हणजे पाट्याच्या टोकातल्या बोल्टाभोवतीचं रबरी अस्तर. एका गाडीत शॅकलचा बोल्ट निघता निघेना. दोन दिवस गंजाचं तेल पाजलं, मग तापवला, शेवटी कापला. बुशाची आतली लोखंडी नळी बोल्टला गंजून एकजीव झाली होती आणि बाहेरच्या रबराचा काळा भुगा झाला होता, बोटांनी चुरडता येत होता. तो पाटा कित्येक महिने झुललाच नव्हता. मालकाने तोवर दोनदा शॉकअप बदलले होते. नवे बुश टाकल्यावर तीच गाडी, तेच पाटे, तेच शॉकअप, आणि तो माणूस परत येऊन विचारतो की तुम्ही स्प्रिंग मऊ टाकल्यात का.

बुश बदलताना एक चूक मी स्वतः केलीय, ती तुमच्या मेकॅनिकला करू देऊ नका. उमेदवारीच्या दिवसांत मी गाडी घोडीवर असताना, चाकं लोंबकळत असतानाच बुशाचे बोल्ट करकचून आवळले. रबरी बुशात आतली नळी बोल्टाने जखडली जाते आणि हालचाल रबराच्या पिळाने होते. लोंबकळत्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली उतरताच रबर पिळलेलं राहतं, स्वतःच स्प्रिंगसारखं जोर लावतं आणि थोड्या महिन्यांत फाटतं. बोल्ट नुसते लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून बसू द्यायची आणि मगच ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या पिळाच्या जोराने, आवळायचे. तुमच्या गाडीत आधी कुणी बुश बदलले असतील तर हे बोल्ट सैल करून पुन्हा आवळणं एवढ्यानेच फरक पडू शकतो. कडक पॉलियुरेथेनचे बुश टिकतात चांगले, पण बारीक खडबड आत पाठवतात. मऊ चाल हवी असेल तर रबरच.

तिसरं, पाट्यांमधलं घर्षण. एकावर एक पाटे घासतात आणि त्यांच्यात गंज धरला की बारीक खडबडीला पाटा हलतच नाही. घर्षण मोडण्याइतका जोर आला की मगच हलतो. तोपर्यंत गाडी नुसत्या टायरवर चालत असते. पाट्यांच्या टोकांना प्लास्टिकच्या चकत्या असतात, त्या झिजून गेल्यात का बघा. तेल फासू नका. त्याला धूळ चिकटते आणि रबर खराब होतं. कोरडं ग्राफाइट चालतं. पाटे सुटे करून घासायचे असतील तर मधला सेंटर बोल्ट सोडण्याआधी दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प लावून मग ते सावकाश मोकळे करायचे. पाट्यात जोर साठलेला असतो, नुसता बोल्ट सोडला तर तो उसळून हात मोडतो. आणि पाटे धुरीला बांधणारे यू-बोल्ट काढलात तर नवेच घाला. ते एकदा ताणून आवळले जातात, दुसऱ्यांदा तशी पकड देत नाहीत.

खालचा जाड हेल्पर पाटाही बघा. रिकाम्या गाडीत तो वरच्या पाट्यांपासून सुटा असायला हवा, माल भरल्यावरच टेकायला हवा. वरचे पाटे थकून बसले असतील तर हेल्पर रिकाम्या गाडीतच टेकतो आणि मग तुम्ही कायम भरलेल्या गाडीच्या स्प्रिंगवर चालता. अशा वेळी पाटे ‘मऊ’ करायचे नसतात, मूळच्या मापाचे नवे घालायचे असतात. ऐकायला उलटं वाटतं, पण बसलेला पाटा ताठ चालतो.

एवढं सगळं बघून झाल्यावर शॉकअप. पिकअपचा कोपरा दाबून सोडायचा आणि किती वेळा हलतो ते मोजायचं, ही पद्धत पाट्यांच्या गाडीला फसवते. पाट्यांचं घर्षणच गाडीला थांबवतं, शॉकअप मेलेला असला तरी. मी दुसरं करतो. खडबडीत रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर चालवून आणतो आणि थांबल्याबरोबर चारही शॉकअपच्या नळीला हात लावतो. सांभाळून, चटका बसतो, शिवाय जवळच सायलेन्सर असतो. शॉकअपचं कामच मुळात हालचालीची उष्णता करणं. तीन गरम आणि एक थंडगार लागला तर तो एक काम करत नाहीये. मागचे दोन्ही थंड असतील तर कदाचित पाटेच हलत नाहीयेत, म्हणजे पुन्हा शॅकलकडे जायचं. नळीवर तेलाचा हलका ओलावा आणि धूळ असेल तर घाबरू नका. ओघळ दिसला तर बदला, आणि बदलताना एका धुरीवरचे दोन्ही.

तुमच्या हेवी ड्यूटी शॉकअपने त्रास का वाढवला? शॉकअप दोन्ही दिशांना अडवतो, पण सहसा चाक खाली उतरताना जास्त. भरलेल्या गाडीसाठी बनवलेला शॉकअप रिकाम्या गाडीत चाकाला इतका धरून ठेवतो की एका सांध्यावरून वर गेलेलं चाक पुढचा सांधा येईपर्यंत पूर्ण खाली येतच नाही. ताशी ८० ला दोन सांध्यांत सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा मिळतो न मिळतो. दुसऱ्या सांध्यावर ते आणखी वरून सुरू होतं, तिसऱ्यावर आणखी. गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि स्प्रिंगच्या ताठ भागावर नाचते. जुने शॉकअप गळत नसतील आणि ठेवले असतील तर परत लावून त्याच रस्त्यावर एकदा चालवून बघा. टाकून दिले असतील तर मूळ गाडीच्या मापाचे घ्या. खरंच कधी रिकामी, कधी भरलेली चालवत असाल तर खटका फिरवून जोर बदलता येणारे मिळतात, त्यांच्यावर खर्च केला तर मी नाही म्हणणार नाही. लांबीही जुळवा. गाडी उचललेली असताना आखूड शॉकअप पूर्ण ताणला जाऊन आतून ठोकतो, तो आवाज आणि दणका पुन्हा वेगळाच.

केबिनचे रबरी माउंटिंग आणि प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनाचा जोर मागच्या धुरीला नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, एकदा हलवून बघा. गाडी सुटताना खालून गडगडत असेल तर क्रॉस किंवा मधलं बेअरिंग. केबिन आणि हौदा एकमेकांविरुद्ध हलताना दिसत असतील तर माउंटिंग. तुमच्या वर्णनावरून मला तिथे काही सापडेल असं वाटत नाही.

आणि आता ती चाचणी, जी मी खरं तर हवेच्या पाठोपाठ करायला सांगतो. हौद्यात शंभर-दीडशे किलो वजन ठेवा, वाळूच्या पोत्यांसारखं न घरंगळणारं, मागच्या धुरीच्या वर किंवा किंचित पुढे. धुरीच्या मागे नको, त्याने पुढचं टोक हलकं होतं आणि स्टिअरिंग बिघडतं. पट्ट्यांनी घट्ट बांधा. ब्रेक मारल्यावर सुटं पोतं केबिनच्या काचेतून आत येतं. आता तोच रस्ता, तोच वेग. नाच जवळजवळ गेला तर तुमचे पाटे ठणठणीत आहेत, फक्त तुमच्या वापराला ताठ आहेत. तसाच राहिला तर काहीतरी अडकलंय किंवा मेलंय, वरच्या क्रमाने शोधा.

पहिला निकाल आला तरच तुमच्या मूळ प्रश्नाला अर्थ येतो. मऊ पाटे घालावेत का, हे तुम्ही जास्तीत जास्त किती माल नेता यावर आहे. वर्षातून एकदाही तीनशे किलोच्या वर जात नसाल तर लांब, पातळ आणि जास्त पाट्यांचा संच चांगला, खाली हेल्पर ठेवून. महिन्यातून दोनदा आठशे किलो नेत असाल तर तसं करू नका. गाडी बंप स्टॉपवर बसेल आणि ब्रेकला पुढे-मागे झुकेल. नुसता एक पाटा काढून टाकणं मात्र कुणी सुचवलं तरी करू नका. धुरीला पिळापासून धरून ठेवण्याचं कामही पाटेच करतात आणि उरलेल्यांवर तो ताण येऊन ते तुटतात.

एअर बॅगबद्दल मोठा गैरसमज आहे. आहे त्या पाट्यांच्या जोडीला बॅग लावली तर ताठपणा वाढतो, कमी होत नाही. ती भरलेली गाडी सपाट ठेवायला असते. रिकाम्या गाडीत तिची हवा बनवणाऱ्याने सांगितलेल्या किमान आकड्यावर, बहुधा पाचेक पीएसआयवर, आणायची असते आणि लोक ती तीस-चाळीसवरच सोडून देतात. काही बॅगा बंप स्टॉप काढून त्याच जागी बसतात, तिथे हवा जास्त असली की गाडी कायम त्या फुग्यावरच चालते. मऊ पाटे अधिक बॅग हा जोड चांगला चालतो, पण तो सगळं नव्याने बसवण्याचा बेत आहे, दुरुस्ती नाही.

तुमच्या जागी मी असतो तर या शनिवारी हवा आणि खडूची पट्टी, मग पोती ठेवून एक चक्कर, मग पुढच्या चाकाची चाल मोजणं, एवढंच केलं असतं. माझा अंदाज असा की आदळणं हवा आणि उचललेला टॉर्शन बार यांतून निघेल, नाच जुने शॉकअप परत लावल्यावर निम्म्यावर येईल आणि उरलेला शॅकलच्या बुशात सापडेल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. शॅकल उघडलात किंवा यू-बोल्ट बदललेत, तर पाचशे किलोमीटर झाल्यावर ते गाडी चाकांवर उभी असतानाच टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घ्या. पहिल्यांदा बसताना ते थोडे सैल होतातच.